मागच्या माणसाचा हात

माझ्या खांद्यावर मागून कोणी हात ठेवला की मी अजूनही एक पाऊल पुढे टाकतो. अगदी विचार न करता. परवा शारजात आमच्या बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटमध्ये रांगेतल्या एका सद्गृहस्थाने वाट मागण्यासाठी खांद्याला हात लावला, तर मी सरळ पुढच्या बाईंच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो. त्या बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीनल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुला कोणी चावी दिलीय का रे?" चावी दिलेली आहे. देणाऱ्याचं नाव रुस्लान.

जबल अली बंदराजवळच्या, मी मॅनेजर असलेल्या वेअरहाउसमध्ये तो सेफ्टी सुपरवायझर म्हणून आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. गल्फमध्ये येण्याआधी वीसेक वर्षं तो त्याच्या देशाच्या दहशतवादविरोधी पथकात होता. सोव्हिएत युनियन फुटून जे देश झाले त्यांतला एक. विमान पळवलं, कुठे माणसं ओलीस धरली, की त्या देशात ज्यांना बोलावणं जायचं ते हे पथक. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याला ते आवडलं नसतं. पथकाचं नाव तर त्याने मलाही सांगितलं नाही. "नाम जानके क्या करेगा? तुम शिपमेंट करो," एवढंच. त्याचं हिंदी दोन ठिकाणी शिकलेलं होतं. लहानपणी गावातल्या थिएटरात हिंदी सिनेमे बघून, आणि मग गल्फमध्ये मजुरांच्या खोल्यांत राहून. त्यामुळे तो प्रेमाचं बोलायला लागला की हिरोसारखा बोलायचा आणि कामाचं बोलायला लागला की पेंटरसारखा.

पथकात तो विशीत भरती झाला आणि वर्षभरात देशच बदलला. त्याबद्दल तो फार साधं सांगायचा. "सुबह उठा. बिस्तर वही, बंदूक वही, चाय भी वही. झंडा दूसरा." सगळे त्याला 'रशियन' म्हणत. पहिला महिनाभर तो प्रत्येकाला थांबवून "मैं रशियन नहीं" असं समजावत राहिला. मग त्याने नाद सोडला. गल्फमध्ये आमच्यापैकी निम्म्या लोकांना मल्याळी समजतात, आम्हीही नाद सोडलेलाच आहे.

तो कामावर आला त्या दिवसांची गोष्ट आमचे फ्लोअर सुपरवायझर हनीफभाई अजून रंगवून सांगतात. हनीफभाई दापोलीकडचे, पंचवीस वर्षं जबल अलीत, वेअरहाउसचे अनभिषिक्त राजे. आमच्याकडे मागच्या इमर्जन्सी दरवाजासमोर कायम शॅम्पूच्या खोक्यांचे पॅलेट लावलेले असत. जागाच नव्हती. आधीचे दोन सेफ्टीवाले यावरून ओरडून ओरडून घसा बसवून गेले होते. रुस्लान ओरडला नाही. त्याने हातगाडी घेतली आणि एक एक पॅलेट स्वतः बाजूला नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पॅलेट परत तिथे. त्याने परत हलवले. असं सहा दिवस चाललं. कोणाला एक शब्द नाही, कोणाची तक्रार नाही, जेवणाच्या सुट्टीत शांतपणे हातगाडी ओढतोय. सातव्या दिवशी हनीफभाईंनीच पोरांना झापलं. मला येऊन म्हणाले, "साहेब, शिव्या घालणारा माणूस परवडला. हा नुसता काम करतो, आणि लाज आपल्याला वाटते."

त्याचा दुसरा नाद म्हणजे मोजणं. कुठल्याही खोलीत शिरला की आधी दाराची चौकट हाताने चाचपायची, मग भिंतीला पाठ लावून बसायचं, आणि बसता बसता माणसं मोजून टाकायची. त्याला विचारावं लागत नसे. कँटीनमध्ये बसल्याबसल्या तो हळूच म्हणायचा, "चालीस आदमी. दरवाज़ा दो, एक खराब." आमच्या घरच्या गणपतीत आरतीला माणसं किती हे मीनलला कळेना, पानं किती वाढायची हा प्रश्न. मी म्हटलं, पंचवीस असतील. दाराशी मोदकाची ताटली धरून उभा असलेला रुस्लान म्हणाला, "भाभी, सत्ताईस. एक बाथरूम में." त्या दिवसापासून मीनलचा त्याच्यावर माझ्याहून जास्त विश्वास बसला, आणि तो योग्य होता हे पुढे कळलं.

तो शारजातच राहायचा, आमच्यापासून दोन सिग्नलवर. म्हणून माझ्या गाडीतून आम्ही बरोबर जात-येत असू. शारजा ते जबल अली म्हणजे सकाळचा दीड तास आणि संध्याकाळचा देवाच्या मर्जीवर. इतका वेळ एका गाडीत बसलं की दोनपैकी एक होतं, माणसं भांडतात किंवा दोस्त होतात. आम्ही दोस्त झालो असं मी समजत होतो. एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. हा माणूस सुट्टीला घरी जात नसे. म्हातारे वडील होते, त्यांचे घोडे होते, घोड्यांचे फोटो फोनमध्ये होते. पण वर्षाची रजा आली की हा शारजाच्या खोलीत बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "गाँव छोटा है संजै. रास्ता एक है." मला वाटलं, काही जमिनीचं भांडण असेल. आपल्याकडे असतं तसं.

सही करायची त्याला भीती होती. भीतीच म्हणतो, दुसरा शब्द नाही. साधा टूलबॉक्स मीटिंगचा, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या सूचनांचा, कागद असला तरी तीनदा वाचायचा, पेन हातात धरून बसायचा, आणि मग शाळेतल्या मुलासारखं एक एक अक्षर काढायचा. मी चेष्टा करायचो, "अरे, हा काय तहाचा कागद आहे का?" तो हसायचा नाही.

हाताची गोष्ट त्याने मला शेख झायेद रोडच्या ट्रॅफिकमध्ये सांगितली. एखाद्या बंद दारावर चढाई करायची तर त्याचं पथक दाराबाहेर एकामागे एक रांगेत उभं राहायचं. बोलायचं नाही. सर्वात मागचा माणूस तयार झाला की तो पुढच्याचा खांदा दाबायचा, तो त्याच्या पुढच्याचा. असा हात पुढे पुढे येत पहिल्यापर्यंत पोचला की पहिला आत जायचा. त्याआधी नाही. रुस्लान बहुतेक वेळा पहिला असायचा.

"एक बार," तो म्हणाला, "रेडियो पे साब बोला, गो, गो. पर पीछे से हाथ नहीं आया. मैं खड़ा रहा. साब गाली दिया. मैं खड़ा रहा."

"मग?"

"पीछे वाले का बंदूक अटक गया था. मैं जाता तो अकेला जाता." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "रेडियो झूठ बोल सकता है. काग़ज़ झूठ बोल सकता है. हाथ नहीं बोलता. हाथ का मतलब, मैं तेरे पीछे हूँ."

मग ही सवय त्याने वेअरहाउसमध्ये आणली. सकाळी शटर उघडताना, ट्रकची रॅम्प खाली सोडताना, फोर्कलिफ्टवाल्याच्या मागे माणूस उभा असला पाहिजे आणि त्याने खांदा दाबल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही. आधी पोरं हसली. मग त्यांना सवय लागली. मलाही लागली. मीटिंगला जाताना रुस्लान मागे असला तर तो दोन बोटांनी माझा खांदा दाबायचा, यल्ला, जा. आणि खरं सांगतो, त्या दोन बोटांनी बरं वाटायचं.

आमची मुलगी ईरा लिफ्टमध्ये अडकली तो प्रसंग सांगायलाच हवा. ती तेव्हा अकरा वर्षांची. संध्याकाळी क्लासवरून येताना एकटीच, आणि लिफ्ट नवव्या-दहाव्या मजल्याच्या मध्ये बंद. रुस्लान योगायोगाने मीनलने दिलेले डबे परत करायला आला होता. मी दारावर हात आपटत होतो, "घाबरू नकोस, माणूस येतोय, पाच मिनिटं!" मीनल रडत होती. आतून ईराचा श्वास ऐकू येत होता, तिला बोलता येत नव्हतं. रुस्लानने मला हाताने बाजूला केलं आणि लिफ्टच्या दारापाशी फरशीवर मांडी घालून बसला.

"ईरा. अंदर क्या लिखा है, दीवार पे? पढ़ो."

आतून बारीक आवाज. "मॅक्सिमम... थर्टीन पर्सन्स."

"तेरा आदमी का जगह, और तुम एक. बहुत जगह है. बटन कितना है? गिनो. धीरे."

तिने बटणं मोजली. मग आरशावरचे डाग मोजले. मग दप्तरात किती पेन्सिली आहेत ते मोजलं. माणूस यायला पस्तीस मिनिटं लागली आणि दार उघडलं तेव्हा ईरा त्याला वर्गातल्या कुठल्यातरी मुलीच्या चुगल्या सांगत होती. मी विचारलं, "घाबरलीस का गं?" ती म्हणाली, "आय वॉज फाइन, बाबा. यू वेअर शाउटिंग."

नंतर चहा पिताना तो मला म्हणाला, "अंदर फँसा आदमी को बाहर का बात नहीं बोलना. उसको अंदर का बात पूछो. बाहर वो ख़ुद आएगा." मला ते फार आवडलं. मी ते ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये माझं म्हणून वापरलंही.

आता करीमचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच वरचं सगळं सांगितलं, आणि सांगताना मी रेंगाळतोय हे माझं मलाही दिसतंय.

करीम आमचा फोर्कलिफ्टवाला, बांगलादेशी, पंचेचाळिशीचा, कामाला एक नंबर. त्याची आई आजारी होती. त्याने रजेचा अर्ज केला. तो अर्ज माझ्या टेबलावर आला आणि मी त्याला म्हटलं, "करीमभाई, ये शिपमेंट निकलने दो. अगले हफ़्ते देखते हैं, इन्शाल्ला." पुढच्या आठवड्यात त्याने परत विचारलं, मी परत तेच म्हणालो. गल्फमध्ये इन्शाल्ला हा शब्द आम्ही लोक फार सोयीने वापरतो.

जुलैत एका दुपारी त्याला गावाहून फोन आला की आई सकाळी गेली. जेवणाची सुट्टी होती. तो फोन ठेवून उठला आणि पिंजऱ्यात गेला. पिंजरा म्हणजे वेअरहाउसच्या मागच्या कोपऱ्यातली जाळीची खोली. थिनर, परफ्यूम, स्प्रेचे डबे, असा पेट घेणारा माल तिथे कुलपात असतो. त्याने आतून कडी लावली, थिनरचा एक डबा फरशीवर ओतला, आणि हातात लायटर घेऊन बसला.

रुस्लानने चार मिनिटांत अख्खं वेअरहाउस बाहेर काढलं. पार्किंगच्या शेडखाली माणसं मोजली. "इकसठ. एक अंदर." मग मी, तो आणि हनीफभाई असे तिघे पिंजऱ्याकडे जाणाऱ्या फायर-डोअरपाशी आलो. नियम स्पष्ट होता. इमर्जन्सीला फोन करायचा, सगळ्यांनी बाहेर थांबायचं, कोणी आत जायचं नाही. माझ्या हातात फोन होता.

रुस्लान म्हणाला, "संजै, अभी फोन करेगा तो सायरन आएगा. वर्दी आएगा. वो देखेगा और जला देगा. मेरे को टाइम दो. तुम बोलो तो जाता हूँ. नहीं बोलो तो नहीं."

डोक्यात एकच गोष्ट, तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रुस्लानने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाठ फिरवली, चौकट चाचपली, आणि दारासमोर उभा राहिला. हलेना. मला कळलं तो कशासाठी थांबलाय. मी हात उचलला आणि त्याचा खांदा दाबला. दोन बोटांनी नाही, अख्ख्या हाताने. तो आत गेला.

दार अर्धवट उघडं होतं, मला ऐकू येत होतं. तो जाळीबाहेर फरशीवर बसला होता, ओल्या थिनरच्या कडेला.

"करीमभाई. उस डिब्बे पे क्या लिखा है?"

"पढ़ना नहीं आता साब. आप जाओ यहाँ से."

"तो रंग बोलो."

जाळीतून आवाज आला, "नीला."

"उसके बाजू में?"

रंग झाले. डबे मोजून झाले. मग त्याने विचारलं, आईचं नाव काय. मग आई स्वयंपाकात काय करायची. मग तिची म्हैस होती का, म्हशीचं नाव काय. चाळीस मिनिटांनी कडीचा आवाज झाला. करीम बाहेर आला, रुस्लानने त्याला मिठीत धरलं होतं आणि लायटर रुस्लानच्या खिशात होता. करीम रडत होता आणि हनीफभाईही रडत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो.

रुस्लानने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. रिपोर्टमध्ये लायटर लिहू नकोस. लिहिलंस तर हा माणूस आईच्या मातीला जाण्याऐवजी कोठडीत जाईल. मी लिहिलं, कामगाराला उष्णतेने चक्कर आली, थिनर सांडलं. करीमला त्याच संध्याकाळी रजा मिळाली. रजा मी दिली, दुसरं कोण देणार. दुसऱ्या दिवशी तो विमानात होता. त्या प्रसंगाच्या संध्याकाळी घरी जाताना गाडीत रुस्लान झोपला. इतक्या वर्षांत मी त्याला झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं.

तीन आठवड्यांनी हेड ऑफिसची ऑडिटची माणसं आली. सांडलेल्या थिनरचा हिशेब लागेना म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात लायटर दिसला.

चौकशीच्या आदल्या दिवशी आमच्या जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलला. म्हणाला, संजय, तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्युअलला आलंय, मुलगी दहावीला आहे ना? हेड ऑफिसला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की त्याला आत जायला कोणी सांगितलं. मॅनेजरने सांगितलं असेल तर प्रकरण मोठं. तो आपणहून गेला असेल तर लहान. खलास. विचार करून ये. मी घरी आलो, जेवलो, ईराचं गणित घेतलं. मीनलला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं, म्हणून नाही सांगितलं.

चौकशीच्या खोलीत हेड ऑफिसची माणसं होती, आणि आमच्यातले तिघे, मी, रुस्लान, आणि हनीफभाई दाराशी. भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. फायर-डोअर. रुस्लानची पाठ. मागे मी. माझा हात उठला आणि त्याच्या खांद्यावर गेला. तिथे त्यांनी चित्र थांबवलं.

"मिस्टर संजय, हे काय करताय तुम्ही?" त्यांच्यातल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

मी स्क्रीनवरचा माझा हात पाहिला. मी म्हणालो, "मी त्याला थांबवत होतो."

बाईंनी रुस्लानकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

रुस्लानने माझ्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला होता, नेहमीसारखा. म्हणाला, "येस. ही स्टॉप मी. आय डिडन्ट लिसन." मग त्यांनी पुढे सरकवलेला कागद त्याने घेतला आणि न वाचता सही केली.

बाहेर आल्यावर हनीफभाई बराच वेळ माझ्याबरोबर चालत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मी पाहिलं होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीपण काय बोललो असतो, अल्लालाच ठाऊक." हे त्यांनी माझं ओझं हलकं करायला म्हटलं हे मला कळत होतं. ते झालं नाही.

नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की माणूस जातो. रुस्लानला दिलेल्या पत्रात लिहिलं होतं, हेतू चांगला पण शिस्तभंग. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. महिनाभराने एका दुपारी मी त्याला शारजा एअरपोर्टवर सोडायला निघालो. मीच गळ घातली होती. मला माफी मागायची होती. पूर्ण रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो आणि प्रत्येक सिग्नलला ते गिळत होतो. शेवटी तोच बोलला.

"गुस्सा नहीं है, संजै. मैं ये काग़ज़ पहचानता हूँ."

"कौन सा काग़ज़?"

"मेरे टीम में एक आदमी था. हमेशा मेरे पीछे. एक काम में ग़लत आदमी मर गया. उसको ऑर्डर मैंने दिया था. जाँच हुआ. मैंने लिखा, मैंने ऑर्डर नहीं दिया. वो छह साल जेल गया. दो बेटी छोटी थी."

मी गाडी कशीबशी लेनमध्ये ठेवली.

"अभी छूट गया. गाँव में उसका दुकान है. बाज़ार का रास्ता एक है." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "इधर छुप के बैठा था मैं. अब जाना पड़ेगा उसके दुकान में. अच्छा है. कभी तो जाना था."

तेव्हा मला कळलं की माझ्या चार शब्दांनी त्याची नुसती नोकरी गेली नव्हती. ज्या एका दारापासून तो इतकी वर्षं लांब पळत होता, त्याच दारात मी त्याला नेऊन उभं केलं होतं. आणि तो मला दोष देत नव्हता. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज बरा असतो. मी "रुस्लान, मला माफ कर" असं म्हणालो, पण मराठीत म्हणालो. का, ते मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "हाँ, हाँ," आणि ईराची परीक्षा कधी आहे ते विचारलं.

एअरपोर्टवर मी ट्रॉली आणली, त्याची एकच बॅग तिच्यावर ठेवली. त्याने हात मिळवला. भाभीला सलाम सांग म्हणाला. मग ट्रॉली ढकलत काचेच्या दाराकडे गेला. दार आपोआप उघडलं, पण तो आत गेला नाही. त्याने बाजूच्या चौकटीला हात लावला आणि तिथेच उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. दार बंद झालं, परत उघडलं. मला वाटलं, पासपोर्ट चाचपतोय. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, म्हणून मी वळून गाडीकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा तो आत गेला होता.

करीम दर ईदला मला व्हॉइस मेसेज पाठवतो. तो तिकडेच राहिला, आता शेती करतो. मेसेजमध्ये शेवटी नेहमी विचारतो, "रुस्लान साब कैसे हैं? उनको मेरा सलाम बोलना." मी दर वेळी लिहितो, ठीक आहेत, सांगतो. रुस्लानचा जुना नंबर बंद आहे. नवा त्याने दिला नाही, आणि मी मागितला नव्हता.

तो पासपोर्ट चाचपत नव्हता हे मला परतीच्या रस्त्यावर, घराजवळच्या सिग्नलला कळलं. तो थांबला होता. त्याला जिथे जायचं होतं तिथे एकट्याने जाववत नव्हतं, आणि मागे उभा असलेला माणूस मी होतो.

गाडीपासून त्या दारापर्यंत दहा पावलं आहेत. मी नंतर जाऊन मोजली.